सर्व्हर थिजतो, सीपीयू मात्र निवांत: असिंक की मल्टिथ्रेडिंग हे ठरवण्याआधीची तपासणी

लक्षण असे असते. पायथनमध्ये लिहिलेली, फास्टएपीआय या वेब फ्रेमवर्कवर चालणारी सेवा दिवसभर व्यवस्थित उत्तरे देत असते आणि मग एकाएकी तिच्याकडे आलेल्या सगळ्याच रिक्वेस्ट एकदम अडकतात. ज्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही त्यासुद्धा. सीपीयूचा आलेख पाहावा तर तो तळाला टेकलेला, मेमरी होती तेवढीच, डेटाबेसमध्ये एकही मोठी क्वेरी चालू नाही. साधारण अर्ध्या मिनिटाने कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी आणि त्यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) सेवेचा कंटेनर बंद करून नव्याने सुरू करते, सर्व काही पूर्ववत होते, आणि लॉगमधील शेवटच्या ओळीत कोणतीही चूक नोंदलेली नसते. काही दिवसांनी हाच प्रकार पुन्हा घडतो.

अर्धे मिनिट हा अवधी योगायोगाचा नाही. कुबरनेटीसच्या लाइव्हनेस प्रोबला, म्हणजे सेवा जिवंत आहे का हे विचारणाऱ्या तपासणीला, वेगळी मूल्ये दिली नसतील तर ती दर १० सेकंदांनी विचारणा करते, उत्तरासाठी १ सेकंद थांबते आणि लागोपाठ ३ वेळा उत्तर आले नाही की कंटेनर पुन्हा सुरू करवते. ही विचारणा ज्या इव्हेंट लूपकडे येते, म्हणजे असिंक पद्धतीत एकाच थ्रेडवर सर्व कामे आळीपाळीने चालवणाऱ्या फेऱ्याकडे, तोच अडकलेला असल्यामुळे जिवंत प्रोसेस मेलेली समजली जाते. रीस्टार्टमुळे लक्षण जाते आणि त्यासोबत पुरावाही जातो. म्हणूनच ही तक्रार महिनोन्‌महिने परत येत राहते आणि तिकिटावर ‘रीस्टार्टनंतर ठीक’ एवढाच शेरा उरतो.

एका टीममध्ये या तक्रारीवर दोन परस्परविरुद्ध उपाय एकाच वर्षात झालेले मी पाहिले आहेत. प्रथम ‘असिंक आपल्याला मानवत नाही’ असे म्हणून काही एंडपॉइंट (सेवेचे ठरावीक पत्ते) थ्रेडवर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला कामाचा वेगळा धागा देणाऱ्या पद्धतीवर, नेले गेले. काही महिन्यांनी ‘थ्रेड जड पडतात’ या कारणाने ते परत असिंक करण्यात आले. थिजणे दोन्ही वेळा कायम राहिले, फक्त त्याचे रूप थोडे बदलले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार होता, कारण सेवा थिजलेली असताना प्रोग्राम नेमका कोणत्या ओळीवर उभा आहे, हे तोपर्यंत कोणीही पाहिलेले नव्हते. असिंक की थ्रेड हा प्रश्न संपूर्ण सेवेसाठी एकदाच सोडवता येत नाही, असे माझे मत त्या अनुभवानंतर पक्के झाले. तो प्रत्येक थांबणाऱ्या ओळीपाशी वेगळा सोडवावा लागतो, आणि त्यासाठी आधी ती ओळ सापडावी लागते.

आधी थोडा हिशेब

समजा, एका कामासाठी बाहेरच्या सेवांना २०० विचारणा करायच्या आहेत आणि प्रत्येक उत्तर यायला ३०० मिलिसेकंद लागतात. एकामागून एक विचारणा केल्या तर ६० सेकंद लागतील. २० थ्रेड लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला १० विचारणा येतात आणि काम ३ सेकंदांत संपते. असिंक पद्धतीने सर्व विचारणा एकदम पाठवल्या, आणि समोरच्याने त्या एकदम स्वीकारल्या, तर जेमतेम एक तृतीयांश सेकंदात सर्व उत्तरे हातात येतात. असिंकची जाहिरात करणारी बहुतेक उदाहरणे इथेच थांबतात.

आता त्याच उदाहरणात एवढीच भर घालू, की आलेल्या प्रत्येक उत्तरातील जेसन (डेटा पाठवण्याची मजकुराची रचना) उलगडून त्याच्यावर काही आकडेमोड करायला १० मिलिसेकंद सीपीयू लागतो. २०० गुणिले १० म्हणजे २ सेकंद. ही दोन सेकंदे असिंकमुळे कमी होत नाहीत, कारण इव्हेंट लूप एकाच थ्रेडवर चालतो. नेहमीच्या सीपायथनमध्ये, म्हणजे पायथनच्या प्रचलित रूपात, ती थ्रेडमुळेही कमी होत नाहीत, कारण ग्लोबल इंटरप्रिटर लॉक, म्हणजेच ज्याला सर्व जण गिल म्हणतात तो, एका वेळी एकाच थ्रेडला पायथनचा कोड चालवू देतो. परिणामी असिंकचे काम सव्वादोन सेकंदांच्या आसपास जाते आणि २० थ्रेडचे तीन सेकंदांच्या थोडे पुढे. मूळची जवळजवळ दसपट आघाडी दीडपटीवर येते, आणि प्रत्येक उत्तरामागचे गणित आणखी वाढले की तीही राहत नाही.

वेगापेक्षा महत्त्वाचा फरक मात्र इतरांना मिळणाऱ्या वागणुकीत आहे. ती २०० उत्तरे एकदम आली आणि त्याच क्षणी एखाद्या तिऱ्हाइताची रिक्वेस्ट आली, तर असिंकमध्ये तिला रांगेत उभे राहावे लागते, कारण कोरूटीन, म्हणजे असिंक फंक्शनचे चालू काम, स्वतःहून ‘अवेट’पाशी (वाट पाहण्याच्या खुणेपाशी) येऊन थांबेपर्यंत लूप तिच्या हातून काम काढून घेऊ शकत नाही. थ्रेडमध्ये इंटरप्रिटर धावणाऱ्या थ्रेडकडून गिल सोडवून घेतो, पायथन ३.२ पासून ही मुदत ५ मिलिसेकंद आहे. त्यामुळे थ्रेडच्या रचनेत सगळेच थोडे मंदावतात आणि असिंकच्या रचनेत एकजण सगळ्यांना थांबवतो. थ्रेडची ही समता फुकट मिळते असेही नाही. नेटवर्कची वाट पाहून आलेल्या थ्रेडला गिल परत हवा असतो आणि तेव्हा दुसरा एखादा थ्रेड आकडेमोडीत गुंतलेला असेल, तर प्रत्येक वेळी ५ मिलिसेकंदांपर्यंत खोळंबा होतो. नेटवर्कशी २० वेळा देवाणघेवाण करणाऱ्या रिक्वेस्टच्या वेळेत अशा प्रकारे १०० मिलिसेकंदांची भर सहज पडते.

थिजलेल्या अवस्थेतच पाहावे

तपासणीची पहिली पायरी दोन निरीक्षणांची आहे: सेवा अडकलेली असताना हेल्थ एंडपॉइंट (सेवा जिवंत असल्याचे सांगणारा पत्ता) उत्तर देतो का, आणि एखादा कोअर पूर्ण व्यापलेला आहे का. हेल्थ अडकला आहे आणि सीपीयू निवांत आहे, तर इव्हेंट लूपच्या थ्रेडवर एखादा ब्लॉकिंग कॉल (उत्तर येईपर्यंत थ्रेडला अडवून ठेवणारा कॉल) वाट पाहत बसलेला आहे. हेल्थ अडकला आहे आणि एक कोअर १०० टक्क्यांवर आहे, तर लूपवर जड आकडेमोड चालू आहे. हेल्थ ताबडतोब उत्तर देतो पण बाकीच्या रिक्वेस्ट अडकतात, तर लूप मोकळा आहे आणि कोंडी बहुधा एखाद्या पूलमध्ये (थ्रेड किंवा कनेक्शनच्या मर्यादित साठ्यात) आहे. आठ कोअरच्या यंत्रावर एक पूर्ण व्यापलेला कोअर एकूण आलेखात साडेबारा टक्केच दिसतो, हे ध्यानात न घेतल्यामुळे दुसऱ्या प्रकाराला पहिला समजण्याची चूक फार जण करतात. म्हणून ‘टॉप’मध्ये प्रोसेसनिहाय, शक्य असेल तर थ्रेडनिहाय आकडा पाहावा.

ओळ शोधण्यासाठी पाय-स्पाय हे साधन उत्तम आहे. चालू प्रोसेस पुन्हा सुरू न करता, तिच्या कोडमध्ये काहीही बदल न करता, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक (कोणत्या फंक्शनमधून कोणते फंक्शन चालू आहे त्याची यादी) ते छापून देते. कंटेनरमध्ये वापरताना पीट्रेसची (दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावण्याची) परवानगी द्यावी लागते. अडचण एवढीच, की थिजण्याचा अवधी अर्ध्या मिनिटाचा असेल तर माणूस टर्मिनल उघडून आत जाईपर्यंत कुबरनेटीस आपले काम उरकून मोकळे झालेले असते.

यावर मला सर्वाधिक उपयोगी पडलेली युक्ती पायथनसोबतच येणाऱ्या फॉल्टहँडलर मॉड्यूलची आहे. त्यात ‘डंप ट्रेसबॅक लेटर’ नावाचे फंक्शन आहे. त्याला ५ सेकंदांची मुदत दिली, की ५ सेकंदांनी ते सर्व थ्रेडचे स्टॅक स्टँडर्ड एररवर लिहून टाकते. मात्र त्याआधी ते पुन्हा बोलावले, तर जुनी मुदत रद्द होऊन नवी सुरू होते. इव्हेंट लूपवर एक लहानशी कोरूटीन ठेवायची, जी दर सेकंदाला हे फंक्शन पुन्हा बोलावते. लूप जिवंत असेपर्यंत घड्याळाला चावी मिळत राहते आणि काहीही छापले जात नाही. लूप ५ सेकंद अडकला, की कोणाच्याही मदतीशिवाय स्टॅक लॉगमध्ये उतरतो. या मुदतीवर लक्ष ठेवणारा थ्रेड सी भाषेत लिहिलेला असून त्याला गिलची गरज पडत नाही, त्यामुळे मुख्य थ्रेड कशातही गुंतलेला असला तरी तो आपले काम करतो. नंतर आधीच्या, मारल्या गेलेल्या कंटेनरचा लॉग कुबसीटीएल या कुबरनेटीसच्या कमांडच्या ‘प्रीव्हियस’ या पर्यायाने वाचता येतो.

चाचणीच्या वातावरणात याहून सोपा मार्ग आहे. असिंकआयओ या पायथनच्या असिंक मॉड्यूलचा डीबग मोड चालू केला, की १०० मिलिसेकंदांहून अधिक काळ लूप अडवणारा प्रत्येक टप्पा लॉगमध्ये नोंदला जातो. हा मोड कामाचा वेग कमी करतो, म्हणून प्रॉडक्शनमध्ये तो कायम चालू ठेवू नये.

वर उल्लेखलेल्या सेवेत ही चावीची व्यवस्था बसवल्यानंतर काही दिवसांतच पहिला स्टॅक मिळाला. अगदी आतली फ्रेम सॉकेटवरून वाचण्याची होती, तिच्या बाहेर एसएसएल, त्याबाहेर ब्लॉकिंग एचटीटीपी कॉल करणारी रिक्वेस्ट्स लायब्ररी, तिच्याबाहेर एसएमएस पाठवणारे एक जुने मदतनीस फंक्शन, आणि सर्वांत बाहेर ‘असिंक डेफ’ने सुरू होणारा एंडपॉइंट. घोडे इथे पेंड खात होते. एसएमएस पुरवणारी सेवा एरवी चटकन उत्तर देत असे. ती कधीतरी रेंगाळली की आमचा संपूर्ण लूप तिच्यासाठी उभा राही. रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट सांगितला नाही तर ती स्वतःहून कोणताही टाइमआउट लावत नाही, आणि तो सांगितलेला नव्हता.

यातील विपर्यास असा, की तो एंडपॉइंट साध्या ‘डेफ’ने लिहिला असता तर हे इतके वाईट झाले नसते. फास्टएपीआय साधी फंक्शन्स थ्रेडपूलमध्ये चालवते आणि तो पूल मुळात ४० थ्रेडचा असतो. म्हणजे ४० रिक्वेस्ट एसएमएससाठी एकदम अडकेपर्यंत बाकीच्यांना झळ लागली नसती. कोणीतरी चांगल्या हेतूने, वेग वाढेल या समजुतीने, फंक्शनपुढे ‘असिंक’ हा शब्द जोडला आणि चाळीस खिडक्यांची एक खिडकी केली. हा शब्द आतल्या ब्लॉकिंग कॉलचे स्वरूप बदलत नाही. तो फक्त लूपला आश्वासन देतो की हे फंक्शन वेळेवर ‘अवेट’पाशी येईल, आणि ते आश्वासन खरे आहे की नाही हे लूप तपासत नाही.

सापडलेल्या ओळीवरचा उपाय

ओळ नेटवर्कची वाट पाहणारी असेल आणि त्या कामासाठी असिंक लायब्ररी उपलब्ध असेल, तर ती वापरावी: एचटीटीपीसाठी एचटीटीपीएक्स किंवा एआयओएचटीटीपी, पोस्टग्रेससाठी असिंकपीजी. लायब्ररी बदलण्याआधी टाइमआउट ठरवावा. ज्या कॉलला टाइमआउट नाही तो असिंक केल्याने लूप सुटतो, पण ती रिक्वेस्ट मात्र अनंतकाळ लटकत राहते आणि मेमरी धरून ठेवते. दुसरी मर्यादा एकदम किती कॉल जाऊ द्यायचे याची. अनेक कोरूटीन एकत्र चालवणाऱ्या गॅदरला दहा हजार कोरूटीन दिल्या तर तो सर्व एकदम सुरू करतो, आणि मग समोरची सेवा आपल्याला ब्लॉक करते किंवा आपलीच फाइल डिस्क्रिप्टरची (एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइल-कनेक्शनची) मर्यादा संपते. सेमाफोर लावून ही संख्या वीस-पन्नासवर रोखावी. थ्रेडपूल वापरणाऱ्यांना ही मर्यादा न मागता मिळते, हा थ्रेडचा एक दुर्लक्षित गुण आहे.

असिंक लायब्ररी नसेल, उदाहरणार्थ एखाद्या बँकेने किंवा सरकारी खात्याने दिलेले जुने एसडीके (त्यांच्या सेवेशी जोडणारी तयार लायब्ररी) वापरणे भाग असेल, तर तो कॉल थ्रेडवर ढकलणे हाच योग्य मार्ग आहे. पायथन ३.९ पासून असिंकआयओमध्ये ‘टू थ्रेड’ हे फंक्शन त्यासाठीच आहे. असिंक सेवेत थ्रेड वापरणे म्हणजे पराभव मानणे, अशी एक समजूत आढळते. ती सोडून द्यावी. मात्र या सोयीच्या पोटात तीन खाचा आहेत आणि तिन्हींमध्ये पाय अडकतो, म्हणून त्या सविस्तर सांगतो.

पहिली खाच पूलच्या आकाराची. मुळातल्या थ्रेडपूलमध्ये कोअरच्या संख्येत ४ मिळवून येणारा आकडा किंवा ३२, यांपैकी जो लहान असेल तितके थ्रेड असतात. दोन कोअरच्या यंत्रावर ते ६ होतात. सहा कॉल रेंगाळले की सातवा रांगेत, आणि पुन्हा तेच थिजण्याचे लक्षण, फक्त यावेळी हेल्थ एंडपॉइंट हसतमुखाने उत्तर देत असतो.

दुसरी खाच ओळखायला आम्हाला बराच वेळ लागला. असिंकआयओ सर्व्हरच्या नावावरून आयपी पत्ता शोधण्याचे काम स्वतः असिंक पद्धतीने करत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचे ते फंक्शन ब्लॉकिंग असल्यामुळे लूप ते काम त्याच मुळातल्या थ्रेडपूलकडे देतो. पूल जर एसएमएसच्या रेंगाळलेल्या कॉलनी भरलेला असेल, तर पूर्णपणे असिंक असलेली, एसएमएसशी संबंध नसलेली एचटीटीपी रिक्वेस्टसुद्धा नाव-पत्त्याच्या शोधासाठी त्याच रांगेत मागे उभी राहते. उपाय साधा आहे. मंद कामांसाठी स्वतंत्र थ्रेडपूल बनवून ‘रन इन एक्झिक्यूटर’ला तो द्यावा आणि मुळातला पूल अशा किरकोळ कामांसाठी मोकळा ठेवावा.

तिसरी खाच टाइमआउटची. थ्रेडवर ढकललेल्या कामाला बाहेरून टाइमआउट लावला तर वाट पाहणारी कोरूटीन सुटते, पण थ्रेडवरचे काम चालूच राहते. पायथनमध्ये थ्रेडला बाहेरून थांबवण्याचा सुरक्षित मार्ग नाही. वापरकर्त्याला चूक दाखवली जाते, तो पुन्हा बटण दाबतो, आणि पूलमध्ये आणखी एक थ्रेड अडकतो. पैसे वळते करण्यासारखे काम असेल तर ते दोनदा घडण्याचा धोकाही इथेच असतो. त्यामुळे टाइमआउट आतल्या ब्लॉकिंग कॉललाच द्यावा. बाहेरचा टाइमआउट त्याहून थोडा मोठा, केवळ शेवटचा आधार म्हणून ठेवावा.

ओळ आकडेमोडीची असेल तर असिंक आणि थ्रेड दोन्ही बाजूला ठेवावेत आणि काम वेगळ्या प्रोसेसकडे द्यावे, मग ते प्रोसेसपूलने असो की स्वतंत्र वर्कर आणि रांग उभारून असो. प्रोसेसकडे जाणारा डेटा पिकल होऊन, म्हणजे बाइटमध्ये रूपांतरित होऊन, जातो आणि तसाच परत येतो, म्हणून काही मेगाबाइटचा डेटा आणि दोन मिलिसेकंदांचे गणित असा सौदा तोट्याचा ठरतो. या नियमाला एक उपयुक्त अपवाद आहे. सी भाषेत लिहिलेली काही फंक्शन्स काम करताना गिल सोडून देतात: हॅशलिबमध्ये २०४७ बाइटहून मोठ्या डेटाचे हॅशिंग, झेडलिबचे कॉम्प्रेशन, नमपायमधील बऱ्याच क्रिया. अशा कामांना थ्रेडसुद्धा अनेक कोअर मिळवून देतात. जेसन उलगडणारे मूळ मॉड्यूल किंवा रेग्युलर एक्स्प्रेशन या अपवादात बसत नाहीत.

गिलविना चालणाऱ्या पायथनची चौकशी या टप्प्यावर हमखास होते. तो प्रकार ३.१३ मध्ये, ऑक्टोबर २०२४ मध्ये, प्रायोगिक म्हणून आला आणि ३.१४ पासून त्याला अधिकृत पाठबळ मिळाले. तरीही तो वेगळा निवडावा लागतो, आणि त्याच्यासाठी तयार असल्याचे न सांगणारे एखादे सी-एक्स्टेन्शन आयात केले की गिल पुन्हा चालू होतो. चालू सेवेतले थिजणे घालवण्यासाठी त्याच्याकडे धाव घेऊ नये, कारण लूपवर बसलेला ब्लॉकिंग कॉल गिल गेल्यानेही लूपवरून उठत नाही.

लूप मोकळा, तरी कोंडी

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे हेल्थ उत्तर देतो पण बाकी अडकते त्यात, बहुतेक वेळा डेटाबेसच्या कनेक्शन पूलकडे बोट जाते. एसक्यूएलअल्केमी या डेटाबेस लायब्ररीचा पूल मुळात ५ कनेक्शनचा असतो, गरजेला आणखी १० देतो आणि त्यानंतर येणाऱ्याला ३० सेकंद थांबवून चूक दाखवतो. थ्रेडच्या काळात चाळीसच रिक्वेस्ट आत येत असत. असिंक केल्यावर चारशे येतात, आणि कनेक्शन तेवढीच राहतात. पूल मोठा करणे हा पहिला विचार मनात येतो. पोस्टग्रेसची मुळातली मर्यादा १०० कनेक्शनची असल्यामुळे, सेवेच्या दहा प्रती चालत असतील तर तो विचार फार दूर जात नाही. त्याआधी ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून बाहेरच्या एचटीटीपी कॉलची वाट पाहणारा कोड शोधावा. दोन मिलिसेकंदांच्या क्वेरीसाठी घेतलेले कनेक्शन दोन सेकंद धरून ठेवले जाते ते अशाच ठिकाणी, आणि तो क्रम बदलला की पंधरा कनेक्शन पुरून उरतात.

लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाची, कोंडी विरळा, पण ती थिजवते तेव्हा कायमची थिजवते. थ्रेडसाठीचा लॉक एका कोरूटीनने घेतला आणि तो धरूनच ती ‘अवेट’वर थांबली, तर तोच लॉक मागणारी दुसरी कोरूटीन संपूर्ण लूपला घेऊन उभी राहते, लूप उभा असल्यामुळे पहिली पुढे सरकत नाही आणि लॉक कधीच सुटत नाही. कोरूटीनमध्ये असिंकआयओचा लॉक वापरावा. उलट, थ्रेडमधून लूपच्या वस्तूंना थेट हात लावू नये. त्यासाठी ‘कॉल सून थ्रेडसेफ’ हाच दरवाजा आहे.

असिंकमध्ये रेस कंडिशन (कामांचा क्रम उलटसुलट झाल्याने होणारी गफलत) नसते, हे विधान मी मुलाखतींत इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा समाचार इथेच घेतो. दोन ‘अवेट’च्या मधला कोड त्याच लूपवरच्या दुसऱ्या कोरूटीनमुळे खंडित होत नाही, एवढेच खरे आहे. टोकनची मुदत संपली आहे का ते पाहायचे, नवे टोकन ‘अवेट’ करून आणायचे आणि मग जपून ठेवायचे, या तीन पायऱ्यांमध्ये एक ‘अवेट’ आहे. तेवढ्या फटीतून शंभर कोरूटीन आत शिरतात आणि शंभर टोकन मागवतात. फट थ्रेडपेक्षा कमी जागी असते आणि कोडमध्ये डोळ्यांना दिसते, हा फायदा मात्र मान्य करायला हवा.

मग नवे काम सुरू करताना काय निवडावे

शेकडो-हजारो कनेक्शन बराच वेळ उघडी राहणार असतील आणि प्रत्येकावर काम थोडे असेल, जसे चॅट, वेबसॉकेट, सूचना पाठवणाऱ्या सेवा, तर असिंक निवडावे. एका यंत्रावर दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये सीटेनके या नावाने मांडला, आणि इव्हेंटवर चालणाऱ्या सर्व्हरची पुढची चर्चा बरीचशी त्याच्याभोवती फिरली. दहा हजार थ्रेडना प्रत्येकी ८ मेगाबाइट म्हणजे ८० गिगाबाइट मेमरी लागेल, हा मात्र त्या चर्चेतला फसवा हिशेब आहे. लिनक्सवर ८ मेगाबाइट ही स्टॅकसाठी राखलेली आभासी जागा असते आणि प्रत्यक्ष मेमरी वापरलेल्या पानांपुरतीच खर्च होते.

एकाच वेळी काही डझन कामे, बहुतेक लायब्ररी ब्लॉकिंग, आणि टीममध्ये असिंकचा सराव नसलेली माणसे अशी स्थिती असेल, तर मी निःसंकोचपणे थ्रेडपूल सुचवतो. रात्री चालणाऱ्या बॅच कामांना, अहवाल गोळा करणाऱ्या स्क्रिप्टना, अंतर्गत वापराच्या लहान सेवांना त्याहून अधिक काही लागत नाही. असिंकचा संसर्ग वरच्या दिशेने होतो, एक फंक्शन असिंक झाले की त्याला बोलावणारी सर्व फंक्शन्स असिंक करावी लागतात, आणि ती किंमत दहा एकाचवेळच्या रिक्वेस्टसाठी मोजण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या भाषांत तपासणी हीच राहते, नावे बदलतात. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये जेसनचा मोठा तुकडा उलगडताना लूप अडतो, आणि फाइल, झेडलिब व नाव-पत्त्याचा शोध यांसाठीचा, त्याच्या आतल्या लिबयूव्ही लायब्ररीचा पूल मुळात ४ थ्रेडचाच असतो. जावामध्ये २०२३ च्या जेडीके २१ पासून व्हर्च्युअल थ्रेड आल्यामुळे ब्लॉकिंग शैलीत लिहूनही बरीचशी असिंकची क्षमता मिळते. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये असे थ्रेड अडकून पडण्याची अडचण जेडीके २४ मध्ये बहुतांशी सुटली.

दुरुस्ती टिकली का

दुरुस्तीनंतर आठवडाभर तक्रार आली नाही, यावरून काही सिद्ध होत नाही, कारण ही तक्रार तशीही आठवडाभर येत नसे. समोरच्या सेवेचे सोंग घेणारा एक लहान सर्व्हर लिहावा, जो प्रत्येक उत्तराआधी २० सेकंद झोपतो. त्याच्याकडे जाणाऱ्या ५० रिक्वेस्ट एकदम सोडाव्यात, आणि त्याच वेळी हेल्थ एंडपॉइंटला आणि एसएमएसशी संबंध नसलेल्या एखाद्या एंडपॉइंटला दर सेकंदाला विचारत राहावे. हेल्थ थांबला तर लूपवर अजून काहीतरी बसलेले आहे. हेल्थ चालला पण दुसरा एंडपॉइंट थांबला तर पूल वाटून घेतला जात आहे. नाव-पत्त्याच्या शोधाची खाच आम्हाला याच चाचणीत सापडली. ती सापडण्यासाठी सोंग घेणाऱ्या सर्व्हरला आयपी पत्त्याऐवजी नावाने बोलवावे लागले होते.

रफ या लिंटरमध्ये (कोड न चालवता चुका शोधणाऱ्या साधनात) असिंक फंक्शनमधले ब्लॉकिंग एचटीटीपी कॉल आणि टाइम मॉड्यूलची स्लीप पकडणारे नियम आहेत आणि ते चालू ठेवावेत. मात्र हे नियम फक्त त्या फंक्शनच्या अंगातला थेट कॉल पाहतात. आमचा कॉल दोन फंक्शन आत दडलेला होता आणि लिंटरच्या अहवालात त्या फाइलसमोर एकही शेरा नव्हता.